सॅमसनकाकांची रिकामी तारीख

जगातली माणसं सकाळी भेटली की नमस्कार म्हणतात, राम राम म्हणतात, अगदीच जिवावर आलं तर मान हलवतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे सॅमसन मापगावकर लढाईचं नाव सांगतात. मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडावं आणि जिन्यातून तोफ सुटावी, "देसाई! वॉटर्लू!"

"आं?"

"आजच्या तारखेला! अठरा जून!" आणि तोफ चपला वाजवत खाली निघून जायची.

आम्ही पनवेलजवळच्या करंजाड्यात नवीन राहायला आलो तेव्हाची ही पहिली सलामी. मला वाटलं, गृहस्थ नव्या शेजाऱ्याला परदेशी भाषेतली शिवी देताहेत. मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी ते प्लासीच्या तयारीला लागले होते, त्यांना माझा अबोला कळलाच नाही.

सॅमसन हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं बाळाकडे नीट पाहिलेलं नसावं. काका म्हणजे शेवग्याची शेंग. वाऱ्याच्या दिवसांत ते छत्री धरत नाहीत, छत्री त्यांना धरते. आयुष्यभर रसायनीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं, नटबोल्टांवर राज्य केलं. बंदूक एकदाच हातात घेतली, जत्रेत फुगे फोडायला. तेव्हाही फुगा शेजारच्या स्टॉलवरचा फुटला. पण जगात कुठेही, कधीही दोन फौजा एकमेकींवर धावून गेल्या असतील, तर त्याची तारीख काकांना पाठ. पुस्तक नाही, कागद नाही. सगळं डोक्यात.

आणि हे डोकं कधी एका जागी नाही. खुर्ची ही काकांच्या मते शरण आलेल्यांची जागा. "बसला तो संपला, देसाई. फौज हलती पाहिजे!" त्यांची फौज म्हणजे ते स्वतः आणि त्यांच्या चपला. दिवसभर ती गॅलरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत कूच करते. त्या हादऱ्यांनी आमच्या छताचे पोपडे सुटून खाली वरणात पडतात. आम्ही त्याला वरून आलेली फोडणी म्हणतो.

काका बेने इस्राएली. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर कित्येक पिढ्या मराठी बोलणारे, मराठीतच भांडणारे आणि मासळीच्या कालवणात नारळाचं दूध सढळ हातानं ओतणारे ज्यू. पनवेलात एके काळी यांची पुष्कळ घरं होती. आता थोडी राहिली. बाकीची इस्राएलला गेली. काकांची एकुलती एक मुलगी शेरॉनसुद्धा लग्न करून तिकडेच गेली, अश्दोद नावाच्या गावी. इथे उरले काका, फ्लोराकाकू आणि जगातल्या समस्त लढाया.

सोसायटीची कामं आम्ही काकांना विचारून ठरवतो, असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. आम्ही न विचारता ठरवतो, मग काका ती हाणून पाडतात. एकदा लिफ्टच्या दुरुस्तीसाठी अठरा जूनला सभा लावली. आमचे सेक्रेटरी दामूशेठ मूळचे करंजाडे गावचे. या जमिनीत त्यांच्या बापाचं भात पिकायचं, आता आमच्यासारखी माणसं पिकतात. काका दामूशेठवर चालून गेले.

"अहो, एकाच तारखेला हल्दीघाट आणि वॉटर्लू! दोन शूर माणसांना याच तारखेला रण सोडावं लागलं. आणि तुम्ही लिफ्टचा विषय घेता?"

"काका, लिफ्टचा न वॉटर्लूचा काय संबंद हाय?"

"माघार घ्यावी लागेल!"

"आवो, ती लिफ्ट वरच अडकलीय. खालीच येत नाय, तर माघार काय घेल?"

सभा झाली. मेकॅनिक आला. आणि दोन मजल्यांच्या मधोमध लिफ्टसकट लटकला. काका जाळीशी उभे राहून त्याला संध्याकाळपर्यंत हल्दीघाट सांगत होते. तो माणूस पुन्हा पनवेलच्या हद्दीत दिसलेला नाही.

या शास्त्रात एक मोठी गोम होती. ती मी काकांच्या नजरेस आणून दिली. "काका, लढाईत एकजण हरतो तेव्हा दुसरा जिंकतोच ना? मग तारीख चांगली की वाईट?"

"आधी आपण कोणाच्या बाजूचे ते ठरवायचं."

"ते कसं ठरवायचं?"

"चहा झाल्यावर."

काकांची सगळ्यात लाडकी लढाई पालखेडची, अठ्ठावीस फेब्रुवारी. पेशव्यांच्या घोडदळानं निजामाला कोरड्या मुलखात गाठलं, रसद तोडली, पाणी तोडलं. निजाम तहाला तयार. एका अठ्ठावीस फेब्रुवारीला आमच्याकडे पाण्याचा टँकर आला नाही. नळ तर आधीपासूनच निवृत्त. काकांच्या अंगात सगळं मराठा घोडदळ संचारलं. पुढच्या सोसायटीकडे निघालेल्या टँकरसमोर ते दोन्ही हात पसरून उभे राहिले. ड्रायव्हरला आधी वाटलं शेतातलं बुजगावणं वाऱ्यानं रस्त्यावर आलं. मग बुजगावणं ओरडलं, "तह करा!" आणि त्यानं घाबरून ब्रेक मारला. तासभर वाटाघाटी होऊन निम्मं पाणी आम्हाला, निम्मं त्यांना असा तह झाला. त्या सोसायटीचे लोक अजून आमच्याकडे निजामाच्या नजरेनं बघतात. दामूशेठ मात्र गहिवरले. म्हणाले, "काका, तुमी आमच्या टायमाला पायजे होते. इमानतळाला जमनी जाताना तुमालाच आडवं केलं असतं."

शनिवार तेवढा शांततेचा. शुक्रवारी दिवस मावळताना फ्लोराकाकू शब्बाथचा दिवा लावतात, आणि काका युद्धबंदी जाहीर करतात. शनिवारी आमचं वरण स्वच्छ असतं. पण रविवारी सकाळी दोन दिवसांच्या लढाया एकदम सोसाव्या लागतात.

आणि दोन डिसेंबर! ती गोष्ट सोसायटीत अजून सांगतात. त्या पहाटे काकांनी सगळ्या बिऱ्हाडांच्या बेल वाजवून आम्हाला शाली-कानटोप्यांसकट गच्चीवर चढवलं. "ऑस्टर्लिट्झ! दाट धुकं. फ्रेंच सम्राटानं फौज दरीत दडवलेली. कोणाला पत्ता नाही. आणि मग सूर्य वर आला, धुकं फाटलं, आणि फौज निघाली टेकडीवर! तो सूर्य बघायचा. सूर्य आल्याशिवाय कोणी हलायचं नाही."

धुकं होतं खरं. आमच्याकडचं धुकं म्हणजे चार आणे थंडी आणि बारा आणे उलव्याच्या बांधकामांची धूळ. त्यातून सूर्य कसला येतोय? कोणाची गाडी चुकली, कोणाची शाळेची बस. मी मस्टर गाठायला जिन्याकडे सरकलो, तर काका म्हणाले, "पळपुट्या, डावी बगल उघडी पडेल!" मी डावी बगल झाकून उभा राहिलो. शेवटी केव्हातरी कर्नाळ्याच्या त्या अंगठ्यासारख्या सुळक्याशेजारून सूर्य वर आला, लालबुंद, जुन्या तांब्यासारखा. काकांच्या डोळ्यांत पाणी. "पाहिलास? हाच तो!"

मागून फ्लोराकाकूंचा आवाज आला, "दिसला ना सूर्य? मग आता खाली या. तिकडे दूध उतू गेलंय."

रोज संध्याकाळी अश्दोदहून व्हिडिओ कॉल यायचा. शेरॉनशी बोलणं काकूंचं. काका बोलायचे नातवाशी, इतायशी. काकांचा समज असा, की माणूस जितका लांब तितकं मोठ्यानं बोलावं. त्यामुळे इतायला सांगितलेली प्रत्येक लढाई आम्हीही जेवता जेवता ऐकली. तो पोरगा मराठी शिकला ते याच फोनवर. त्यामुळे त्याच्या मराठीत 'कसे आहात', 'बरं आहे' असले शब्दच नव्हते. आईनं खाऊ दिला नाही की तो तक्रार करायचा, "आजोबा, आईनं रसद तोडली." परीक्षेचा निकाल सांगायचा, "गणितात माझा पराभव झाला. पण बाई तहाला तयार आहेत." लहानपणी एकदा पनवेलला आला होता, तेव्हा बाजारात एका भाजीवालीपुढे उभा राहून म्हणाला, "मावशी, सगळी केळी माझ्या ताब्यात द्या." ती बिचारी टोपली टाकून पळायच्या बेतात होती.

काका ही गोष्ट ज्याला-त्याला सांगायचे. मला तर इतक्यांदा सांगितली, की टोपलीत केळी किती होती तेही मी सांगू शकेन.

या दिवाळीनंतर एका सकाळी मी दार उघडलं. काका जिन्यात होते.

"नमस्कार, देसाई," ते म्हणाले.

माझ्या हातातली दुधाची पिशवी पडली. आयुष्यात कोणाच्या नमस्कारानं मी इतका घाबरलो नव्हतो. दुसऱ्या दिवशीही नमस्कार. तिसऱ्या दिवशीही. वर चपला मात्र थांबेनात. आधी त्यांच्यात एक ताल होता, कवायतीचा. आता दोन पावलं इकडे, तीन तिकडे, मध्येच थांबणं, मध्येच धाव. शनिवारीसुद्धा. पोपडे इतके पडू लागले, की बायको म्हणाली, "एकतर तुम्ही वर जाऊन या, नाहीतर मी वरण करायचं सोडते."

मी वर गेलो. फ्लोराकाकू दारातच म्हणाल्या, "ये बाबा. बघ याला काही सांगता आलं तर." आत काका गॅलरी ते स्वयंपाकघर फिरत होते. मला पाहून त्यांनी फक्त दिशा बदलली.

"इतायला अठरा पूर्ण झाली," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "तिकडे सैन्यात सगळ्यांनाच जावं लागतं. पण त्याचे डोळे अधू. कचेरीत बसवत होते, पंख्याखाली. तर त्यानं हट्ट करून लढाऊ तुकडी मागून घेतली."

"शूर आहे," मी म्हणालो. काहीतरी म्हणायला हवं म्हणून.

"शूर!" काकूंनी पदर झटकला. "आजोबाला फोनवर काय म्हणाला माहितीय? 'आजोबा, आता माझीपण एक तारीख होईल. मग तुम्ही सकाळी देसाईकाकांना सांगाल.'"

गॅलरीतल्या चपला थांबल्या, आणि पुन्हा सुरू झाल्या.

"तुला काय वाटलं, हा माणूस जन्मापासून असा आहे?" काकूंचा आवाज आणखी खाली आला. "अरे, याला आमच्या लग्नाची तारीख आठवायची नाही. शेरॉन तिकडे गेली, पोरगा झाला, बोलायला लागला. फोन लागायचा, आणि आजोबा-नातू नुसते एकमेकांकडे बघत बसायचे. याला तिकडची भाषा येत नाही, त्याला मराठी येईना. रोज बोलणार तरी काय? आज काय जेवलास, एवढंच. मग एकदा यानं तलवारीची गोष्ट सांगितली, आणि पोरगा फोन सोडेना. 'उद्या कोणती?' म्हणाला. झालं. उद्यासाठी एक लढाई. परवासाठी एक. तेव्हापासून हे चाललंय."

मी गॅलरीत गेलो. काका कठड्याला धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "देसाई, मी त्याला दुसरं काही सांगू शकलो असतो ना रे? भाज्यांच्या गोष्टी. पक्ष्यांच्या. कर्नाळ्याला इतके पक्षी आहेत."

मी त्यांच्या शेजारी कठड्यावर हात टेकले.

मग काकांनी काम सांगितलं. इताय सैन्यात जाण्याआधी काही दिवस पनवेलला येणार होता, नोव्हेंबरच्या शेवटी. तो असताना मलिदा करायचा होता. मलिदा म्हणजे यांच्याकडचा एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचा नवस: गोड पोहे, खोबरं, वेलची, फळं, गुलाबाची फुलं मोठ्या थाळ्यात मांडायची, सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हणायची, आणि मागायचं ते मागायचं. पोरगा धड परत यावा, एवढंच काकांना मागायचं होतं.

"पण मला त्यासाठी एक तारीख हवीय. रिकामी."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्या तारखेला कुठे कोणी कोणावर चालून गेलेलं नाही. जिंकलंही नाही, हरलंही नाही. पोराचा नवस आहे, देसाई. दुसऱ्याच्या पोरांच्या रक्तावर पोह्यांचा थाळा कसा ठेवू?"

तारीख मोजक्याच दिवसांतून निवडायची होती. काका चालता चालता एकेक दिवस खोडायचे. अठ्ठावीस नोव्हेंबर, ज्या दिवशी इताय उतरणार, तो दिवस बर्फाळ बेरेझिना नदीवर फ्रेंचांनी सांडलेल्या रक्ताचा. एकोणतीस, आडगावची लढाई, आपलीच माणसं इंग्रजांपुढे पडली. तीस, रशियानं फिनलंडवर चाल केली. एक डिसेंबरला प्रार्थना म्हणणारे अलिबागचे गृहस्थ भाचीच्या लग्नाला. तीन तारखेला एकाहत्तरचं युद्ध पेटलं, शिवाय इतायचं परतीचं विमानही त्याच दिवशी. ज्या स्मरणशक्तीचा सोसायटीला धाक होता ती आता काकांच्याच मागे लागली होती. कुठल्याही तारखेवर बोट ठेवावं, की खालून कोणीतरी मेलेलं निघायचं.

"एवढ्या वर्षांत मी त्याला एक रिकामा दिवस सांगितला नाही," काका म्हणाले. "कारण नाहीच आहे. मी बघितलंय."

मधल्या एका तारखेचं नाव मात्र आम्ही दोघंही काढत नव्हतो.

इकडे बाकीची तयारी चालू होती. या प्रार्थनेला दहा पुरुष जमावे लागतात, आणि पनवेलात बेने इस्राएली पुरुष दहा जमवणं म्हणजे पानिपतावर कुमक आणणं. काकूंनी पेण, ठाणे, अलिबाग असे फोन लावून फौज उभी केली. मी मोजणीत बसत नव्हतो. "तू राखीव दल. नारळ खवायला," काकू म्हणाल्या. दामूशेठनं वाडीतले नारळ आणून दारात ओतले. "पैशाचं नाव काडू नका, काकी. पोरगा आमचापन हाय. फक्त त्याला सांगा, केळी सगली ताब्यात घेऊ नको." तारीख तेवढी ठरत नव्हती. पाहुणे विचारून विचारून थकले, आणि वर चपला थांबेनात.

इताय यायच्या आदल्या दिवशी मी जिन्यात काकांना गाठलं. आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या आहेत. माझा मेहुणा म्हणतो, की माझ्या थापांनी टँकर भरतील. पण त्या सगळ्या सोप्या होत्या, समोरच्याला खरं माहीत नसायचं.

"काका, तारीख मिळाली."

"कोणती?"

"दोन डिसेंबर. मी सगळीकडे शोधलं. आपल्याकडे, परदेशात. कुठे काही नाही. कोरी."

काका थांबले. एका पायरीवर एक पाय, दुसऱ्या पायरीवर दुसरा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कानटोपी घालून, डावी बगल झाकून मी ज्या गच्चीवर कुडकुडलो होतो तिचा दरवाजा त्यांच्या डोक्यावर होता.

"दोन डिसेंबर," ते म्हणाले. "नीट पाहिलंस?"

"नीट पाहिलं."

"धुकंबिकं? काही?"

"धुकंसुद्धा नाही, काका."

बराच वेळ त्यांनी कठड्यावरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाले, "माझ्याही लक्षात काही येत नाही. म्हातारपण. बरं झालं तू पाहिलंस." आणि वर जाऊन मोठ्यानं ओरडले, "फ्लोरा! दोन तारखेला पोहे भिजव!"

दोन डिसेंबरला सकाळी मी गुलाबाच्या कुंड्या आणायला गच्चीवर गेलो. धुकं होतं. काका तिथे फिरत होते, त्या कोपऱ्यापासून या कोपऱ्यापर्यंत. तेवढ्यात इताय वर आला. काकांच्या दीडपट उंच, जाड भिंगांचा चष्मा, हनुवटीवर कोवळी खुरटी दाढी. त्या भिंगांवर धुकं साचलं होतं.

"आजोबा!" तो म्हणाला. "मी विसरलो नाही. आज दोन डिसेंबर! आज ऑस्टर्—"

"आज काही नाही," काका म्हणाले.

"पण सूर्य? फौज, दरी, तुम्ही दरवर्षी—"

"तो दुसऱ्या कुठल्यातरी महिन्यात. देसाईनं शोधून काढलंय. विचार त्याला."

इतायनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पोरगा चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिला, जरा जास्तच वेळ.

काका पाण्याच्या टाकीच्या कट्ट्याकडे गेले, आणि बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं प्रथमच पाहत होतो. त्यांनी शेजारची जागा हातानं झटकली. इताय त्या जागेवर टेकला. बसूनही तो त्यांच्याहून वीतभर उंचच होता. कर्नाळ्याच्या सुळक्याशेजारून सूर्य वर येऊ लागला. काकांची पाठ तिकडे होती, ती त्यांनी वळवली नाही.

"मग आज काय आहे, आजोबा?"

काकांनी त्याच्या हातातला चष्मा घेतला, आपल्या बाहीनं पुन्हा एकदा स्वच्छ पुसला आणि त्याच्या डोळ्यांवर चढवला.

"आज पोहे," ते म्हणाले.